खांद्याचं ऑपरेशन, मानेतली सुई आणि रात्रीचे तीन

पत्र : मी ५६ वर्षांची, कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वर्षभर उजवा खांदा दुखत होता. दिवाळीत पाय घसरून त्याच हातावर पडले आणि तेव्हापासून फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात जात नाही. एमआरआयमध्ये रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा पट्टा, फाटल्याचं निघालं. पुढच्या महिन्यात पुण्यात दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञ म्हणाले, पूर्ण भूल देऊच, शिवाय मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर करू, म्हणजे नंतर दुखणार नाही. ‘ब्युपिव्हाकेन देऊ नाहीतर रोपिव्हाकेन, वाटलं तर कॅथेटर ठेवू,’ एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले. माझ्या नणंदेच्या यजमानांचं हेच ऑपरेशन झालं. ते सांगतात, संध्याकाळपर्यंत मजेत होतो आणि रात्री दोनला गुरासारखा ओरडलो. न्यू जर्सीचा भाचा म्हणतो, इकडे तीन दिवस चालणारं इंजेक्शन मिळतं, तेच माग. मला अकरा वर्षं मधुमेह आहे, थंडीत दम्याचा पंप लागतो, वजन ६८ किलो. यातलं चांगलं इंजेक्शन कोणतं? आणि मानेतच का टोचतात?

बाई, नमस्कार.

(शिक्षिकेला ‘ताई’ म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, तेव्हा बाईच म्हणते.)

तुम्ही विचारलंय चांगलं इंजेक्शन कोणतं. तीस वर्षं भुलेचं काम केल्यावर माझं उत्तर असं आहे की, या दोन औषधांतला फरक तुम्हाला वाटतो त्याहून लहान आहे. तुमच्या नणंदेच्या यजमानांना औषध वाईट मिळालं नव्हतं. औषध उतरायची वेळ त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि त्या वेळेआधी पोटात गोळी गेली नव्हती. रात्री दोनच्या ओरडण्याची एवढीच गोष्ट आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका पेशंटला छातीठोकपणे म्हणाले होते, ‘काका, उद्या सकाळपर्यंत काही होणार नाही, निवांत झोपा.’ काका निवांत झोपले. पहाटे तीनला वॉर्डमधून फोन आला. जाऊन पाहते तर ते पलंगाच्या कडेला बसून दुसऱ्या हाताने खांदा आवळून धरत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सायंकाळची गोळी त्यांनी ‘दुखतच नाही तर कशाला’ म्हणून उशाखाली ठेवून दिली होती. चूक माझी होती. दुखत नसताना गोळी का घ्यायची, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

आता आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मानेतच का? खांद्याची संवेदना नेणाऱ्या नसा खांद्यात उगवत नाहीत, त्या मानेच्या मणक्यांतून निघतात. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाच्या मुळांचा त्यात मोठा वाटा. मानेच्या बाजूला दोन स्नायू आहेत, त्यांच्या फटीतून ही मुळं खाली उतरतात. सोनोग्राफीचं यंत्र तिथे टेकवलं की पडद्यावर एकाखाली एक तीन काळे गोल दिसतात, चौकातल्या सिग्नलसारखे. आम्ही आपसात त्यांना सिग्नलच म्हणतो. त्या गोलांच्या शेजारी सुई नेऊन औषध सोडलं की पडद्यावर काळं पाणी पसरताना दिसतं. तुम्हाला जाणवेल ती जेलची थंडी, एक टोचणी आणि मानेत थोडा दाब. त्याआधी झोपाळू करणारं थोडं औषध शिरेतून देतात. पण पुष्कळ भूलतज्ज्ञ तुम्हाला पूर्ण झोपवत नाहीत, ते मुद्दाम. सुई टोचताना हातात विजेसारखी सणक गेली, जिभेला किंवा ओठांना मुंग्या आल्या, तोंडात धातूची चव आली, कानात घूं झालं तर लगेच बोला. संकोच करू नका, ‘डॉक्टर काय म्हणतील’ हा विचार तर अजिबात नको. सणक म्हणजे सुई नसेला लागत असल्याची खूण, आणि बाकीच्या औषध चुकून रक्तात जास्त गेल्याच्या पहिल्या खुणा.

रक्तात जाण्याचा विषय निघालाच आहे तर दोन औषधांतला खरा फरक इथेच सांगते. ब्युपिव्हाकेन जुनं, भरवशाचं आणि चिवट. एकदा नसेला धरलं की सहज सोडत नाही. अडचण अशी की चुकून शिरेत गेलं तर हृदयालाही तसंच धरून बसतं. १९७९ साली अमेरिकेतल्या भूलशास्त्राच्या एका नियतकालिकात यावर संपादकीय आलं, तेव्हापासून जग सावध झालं. औषधाचा रेणू दोन रूपांत असतो, उजव्या आणि डाव्या हातमोज्यासारखा. ब्युपिव्हाकेनमध्ये दोन्हींचं मिश्रण आहे आणि हृदयाला जास्त त्रास उजव्याचा. म्हणून मग नुसता ‘डावा हातमोजा’ असलेली औषधं आली, लेव्होब्युपिव्हाकेन आणि रोपिव्हाकेन. रोपिव्हाकेन १९९६च्या सुमारास वापरात आलं. हृदयाच्या बाबतीत ते जास्त सौम्य आहे, हे खरं.

पण तुमच्या बाबतीत हिशेब बघा. अर्धा टक्का ब्युपिव्हाकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. किलोमागे साधारण २ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तरी ६८ किलोला १३६ मिलिग्रॅम होतात. सोनोग्राफी बघून दिलेल्या ब्लॉकला (नसेशेजारच्या या बधिर करणाऱ्या इंजेक्शनला आम्ही ब्लॉक म्हणतो) १५ मिलिलिटर पुरेसे होतात, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. मर्यादेपासून बरेच लांब. आणि अपघात झालाच तर २० टक्के लिपिडची, म्हणजे चरबीच्या द्रावणाची, बाटली असते, सलाईनसारखी शिरेतून देतात, ती हे औषध शोषून घेते. ‘लिपिड हाताशी असतं ना?’ एवढा प्रश्न भूलतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही. चांगल्या भूलतज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

मग उरतो तो काळ. ब्युपिव्हाकेनचा एकदा दिलेला ब्लॉक साधारण १२ ते १८ तास टिकतो. रोपिव्हाकेनचा त्याहून कमी, साधारण ८ ते १४ तास. लेव्होब्युपिव्हाकेन ब्युपिव्हाकेनच्या जवळपास. झायलोकेन तुम्ही दाताच्या दवाखान्यात घेतलं असेल, ते दोन-तीन तासांत उतरतं, या कामाला एकटं पुरत नाही. ‘रोपिव्हाकेनमध्ये हात कमी लुळा पडतो’ असंही तुम्हाला कुणी सांगेल. गुडघ्याच्या ऑपरेशनला त्या गोष्टीला महत्त्व आहे, पेशंटला उभं राहायचं असतं. खांद्यानंतर तुमचा हात तसाही स्लिंगमध्ये बांधलेला असणार. लुळा असला काय आणि अर्धा लुळा असला काय!

आता घड्याळ समोर घ्या. समजा सकाळी साडेनऊला ब्लॉक दिला. ब्युपिव्हाकेन असेल तर ते रात्री साडेनऊ ते पहाटे साडेतीनच्या दरम्यान कधीतरी उतरणार. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा नर्स दोन आणि पेशंट वीस असतात आणि सोबतचा माणूस खुर्चीत मान टाकून घोरत असतो. रोपिव्हाकेन असेल तर ते संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेअकराच्या दरम्यान उतरेल. कागदावर कमी टिकणारं, पण उतरेल तेव्हा बहुतेक डॉक्टर राउंडवर असतील, तुम्ही जाग्या असाल, जेवण पोटात असेल. मला विचाराल तर सकाळच्या ऑपरेशनला ‘जास्त टिकतं म्हणून चांगलं’ हे गणित सरळ लागत नाही. एक तर संध्याकाळी उतरावं, नाहीतर थेट दुसऱ्या सकाळी. मध्यरात्र टाळावी. दुपारी तीनला ऑपरेशन असेल तर हिशेब उलटा होतो, मग ब्युपिव्हाकेनच बरं.

थेट दुसऱ्या सकाळवर न्यायचा उपाय म्हणजे डेक्सामेथासोन, आमच्या बोलीत ‘डेक्सा’. हे स्टेरॉइड. ब्लॉकच्या औषधात मिसळलं किंवा शिरेतून दिलं तर ब्लॉक साधारण सहा-आठ तास लांबतो, आणि उतरताना जो एकदम ठणका बसतो तोही थोडा मवाळ होतो. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. एका डोसाने हाडं झिजत नाहीत की तोंड सुजत नाही. तुमच्या बाबतीत प्रश्न साखरेचा आहे. ती एक-दोन दिवस वर जाईल, हे गृहीत धरून चाला. म्हणून ऑपरेशनआधीचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट) भूलतज्ज्ञांना दाखवा आणि पहिले दोन दिवस साखर चार वेळा तपासायची हे आधीच ठरवून ठेवा. साखर ताब्यात असेल तर लहान डोस, तोही शिरेतून, मी स्वतः दिला असता. नसेशेजारी टाकून थोडासाच जास्त फायदा मिळतो, आणि अकरा वर्षांच्या मधुमेहाने नसा आधीच नाजूक झालेल्या असू शकतात. साखर अडीचशे-तीनशेवर फिरत असेल तर मात्र डेक्सा विसरा आणि आधी फिजिशियनकडे जा, कारण मग जखम भरण्याचाच प्रश्न येतो.

भाच्याचं इंजेक्शन. तो सांगतो ते खोटं नाही. ब्युपिव्हाकेन चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरलेलं असतं आणि हळूहळू झिरपतं. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने ते खांद्याच्या या ब्लॉकसाठी २०१८ साली मान्य केलं. पण मान्यता मिळाली तो अभ्यास नुसत्या सलाईनशी तुलना करून झाला होता, साध्या ब्युपिव्हाकेनशी नव्हे. पाण्याशी शर्यत लावून घोडा पळतो हे कळलं, पण दुसऱ्या घोड्याच्या पुढे किती, ते कुठे कळलं? २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून मोजदाद झाली, तेव्हा साध्या ब्युपिव्हाकेनच्या तुलनेत पेशंटला जाणवेल असा फायदा दिसला नाही. त्यावर औषधाच्या कंपनीने थेट ते छापणाऱ्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेवर आणि लेखकांवर खटला भरला. कोर्टाने तो फेटाळला. औषध स्वस्तही नाही. भाच्याला प्रेमाने सांगा, आत्याचं चाललंय नीट.

आता मी जिथे जास्त वेळ थांबणार आहे तो भाग. तुम्ही पत्रात मधुमेह आधी लिहिलात आणि दमा त्याच्यामागे, जाता जाता. माझ्या दृष्टीने क्रम उलटा आहे.

मानेतल्या त्या फटीच्या अगदी पुढ्यात, स्नायूच्या अंगावरून, आणखी एक नस खाली जाते. ती छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला, श्वासपटलाला हलवते. खांद्यासाठी टाकलेलं औषध तिथवर पसरतंच. पूर्वीच्या पद्धतीने २० मिलिलिटर दिलं तर त्या बाजूचं अर्धं श्वासपटल जवळजवळ प्रत्येकाचं थांबतं. बहुतेकांना ते कळतही नाही, कारण दुसरी बाजू काम चालवते. पण फुप्फुसाची ताकद त्या तासांपुरती पाव हिश्शाने, कधी त्याहून जास्त कमी होते. धडधाकट माणसाला पाव हिस्सा गेल्याचं काही वाटत नाही. दमेकऱ्याला, त्यातही थंडीत, तो पाव हिस्सा लागतो.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न ‘कोणतं औषध’ हा नाही. किती आणि कुठे, हा आहे. २००८ सालच्या एका अभ्यासात २० ऐवजी फक्त ५ मिलिलिटर दिलं तेव्हा श्वासपटल थांबण्याचं प्रमाण १०० वरून ४५ टक्क्यांवर आलं, आणि दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. दुसरा मार्ग म्हणजे सुई थोडी खाली न्यायची, जिथे पाचवं आणि सहावं मूळ एकत्र येऊन एक खोड होतं. तिथे औषध टाकलं तर आराम जवळपास तेवढाच आणि श्वासपटल बरंचसं सुटतं. तिसरा मार्ग मानेला हातच न लावता खांद्याच्या पात्यापाशी एक आणि काखेकडच्या नसेला एक, असे दोन ब्लॉक. पात्यापाशी जी नस असते ती एकटी खांद्याच्या सांध्याची साधारण ७० टक्के संवेदना नेते. यात पहिल्या काही तासांचा आराम मानेतल्या ब्लॉकइतका गाढ नसतो, पण श्वास मोकळा राहतो. मानेतल्या सुईची तुम्हाला भीतीच वाटत असेल तर हाही पर्याय आहे हे माहीत असू द्या.

दमा सौम्य असेल, वर्षातून चार दिवस पंप लागत असेल, तर कमी औषधाचा मानेतला ब्लॉक बहुतेक निभावतो. महिन्यातून दोनदा रात्री उठून बसावं लागत असेल तर मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मार्गाने गेले असते. तुमचा दमा कुठल्या प्रकारचा ते पत्रावरून मला ठरवता येत नाही. भूलतज्ज्ञांना ‘थंडीत पंप’ एवढंच सांगू नका. किती वेळा, कोणता पंप, शेवटचं ॲडमिट कधी, सगळं सांगा. आणि पंप ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोबत न्या, घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवून येऊ नका. माझ्या पेशंटांपैकी निम्मे तेच करायचे.

कॅथेटरबद्दल थोडक्यात. बारीक नळी नसेशेजारी ठेवतात आणि छोट्या पंपातून ०.२ टक्के रोपिव्हाकेन तासाला चार ते आठ मिलिलिटर जात राहतं, दोन-तीन दिवस. रोटेटर कफच्या दुखण्यावर याच्याइतकं चांगलं काही नाही, हे मी मान्य करते. पण नळी सरकते, गळते, आणि श्वासपटलाची नस तेवढे दिवस सुस्त राहू शकते. तुम्ही दोन रात्री हॉस्पिटलात असाल आणि छाती ठीक असेल तर घ्या. नळीसकट कराडला घरी जायचं असेल, तर रात्री अकराला फोन उचलणारा डॉक्टर कोण, हे नावासकट कळल्याशिवाय घेऊ नका.

ब्लॉक लागला की काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे घरचे घाबरणार नाहीत. उजवा हात तुमचा नसल्यासारखा पडून राहील. करंगळी मात्र थोडी हलेल, कारण तिची नस खालच्या मुळांतून येते आणि औषध तिथवर कमी पोचतं. उजवी पापणी थोडी खाली येईल, डोळ्याची बाहुली बारीक दिसेल, आवाज घोगरा होऊ शकतो. हे बघून एका पेशंटच्या मुलाने ‘आईला पॅरालिसिस झाला’ म्हणून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. ब्लॉक उतरला की हे सगळं जातं. बधिर हाताला उष्ण-थंड कळत नाही, तेव्हा चहाचा कप त्या बाजूला ठेवू नये आणि गरम पाण्याची पिशवी तर नाहीच. कोपर पलंगाच्या लोखंडी कडेवर दाबलं जात नाही ना, हे दर तासाला कुणीतरी बघावं. तुम्हाला ते कळणार नाही. झोपताना पाठीला तीन-चार उशा लावून अर्धवट बसतं झोपा, खांद्यालाही बरं आणि श्वासालाही.

आणि आता गोळ्या, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. पहिली गोळी हात पूर्ण बधिर असतानाच घ्यायची. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलं असेल तर ते घड्याळ लावून, दुखण्याची वाट न बघता. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा, दिवसाची बेरीज चार ग्रॅमच्या आतच राहायला हवी. डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेनच्या जातीच्या गोळीआधी दोन गोष्टी सांगायच्या. पूर्वी अशा गोळीने कधी दमा उसळला होता का, आणि मधुमेहामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलंय का. दोन्हीपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ती गोळी तुमची नाही. बोटांना मुंग्या यायला लागल्या की समजा ब्लॉक उतरतोय, मग जास्तीची जी गोळी लिहून दिली असेल ती तेव्हाच घ्या. ठणका सुरू झाल्यावर घेतली तर ती चढायला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास फार मोठा असतो.

श्वास घेताना धाप वाढत चालली, किंवा दीड-दोन दिवस उलटूनही हात बधिरच राहिला, तर वाट बघू नका, फोन करा. ब्लॉकनंतर काही आठवडे एखाद्या बोटाला किंचित मुंग्या राहणं अधूनमधून घडतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं. कायमची इजा फार क्वचित. मधुमेहाने आधीच हातापायांना मुंग्या येत असतील तर ते ऑपरेशनआधी केसपेपरवर लिहून घ्या. नंतर वाद नको.

एक काम सोबत येणाऱ्याला द्या. थिएटरमधून बाहेर आणलं की ब्लॉक कोणता दिला आणि किती वाजता, ते नर्सकडून विचारून पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहायचं आणि पट्टी तुमच्या स्लिंगवर चिकटवायची. ‘रोपिव्हाकेन, ९.३५.’ खाली पहिल्या गोळीची वेळ. रात्रपाळीची नर्स बदलली तरी ती पट्टी तिथेच राहते.